आजीच्या गिनीवरचं ‘बी. पी.’ म्हणजे कोण?

कृष्णाकाठची:
आजीची गिनी आईनं मला दिली. सांगलीत सराफ कट्ट्यावर नेली, तर सराफांनी काट्यावर टाकली आणि “बावीस कॅरेट आहे, मोडायची का?” एवढंच विचारलं. मोडायची नाहीये हो! एका बाजूला दाढीवाला राजा, दुसरीकडे घोड्यावर उघडा गडी, पायाखाली अजगरासारखं काहीतरी. साल १९१८. भिंगातून सालाच्या उजवीकडे ‘बी. पी.’ दिसतं, वर मधोमध ‘आय’. मामा म्हणतात बी. पी. म्हणजे बॉम्बे प्रेस. खरं का?

ठसेवाला, मिरज:
मुंबई आहे, पण ती ‘आय’मध्ये. आय म्हणजे इंडिया. गिनी म्हणतो ते नाणं म्हणजे इंग्रजी सॉव्हरिन. मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या सॉव्हरिनवर १९१८ हे एकच साल सापडतं. माळेत ओवायची कडी लावली असेल तर ती काढून ७.९८ ग्रॅम भरायला हवी.

बी. पी. म्हणजे बेनेदेत्तो पिस्त्रुची. जन्म रोमचा, १७८३. मूळचा रत्नांवर कोरणारा. हा घोडेस्वार, म्हणजे संत जॉर्ज, त्यानं १८१७ च्या सॉव्हरिनसाठी केला. १८२५ ला तो काढून टाकला, १८७१ ला परत आणला. तोवर पिस्त्रुचीला जाऊन १६ वर्षं झाली होती.

मी पुतळीहारातल्या पुतळ्यांचे ठसे कोरतो. ठशावर सगळं उलटं आणि खोल. शिकाऊ असताना एकदा ‘श्री’ सुलटाच कोरला. पहिली पुतळी पडल्यावर कळलं, चार दिवसांचं काम भंगारात. म्हणून सांगतो, या घोड्याची मान बघा. एवढ्याशा जागेत ताण उतरवलाय. तलवार मात्र फारच आखूड, अजगरापर्यंत पोचायची नाही. माझ्या मालकानं परत कोरायला लावलं असतं.

अजिंक्यताऱ्याखाली:
पण नाण्यावर स्वतःचं नाव? आपल्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. कोरणारा कुठंच नाही.

ठसेवाला, मिरज:
यानं तर १८१८ च्या क्राउन नावाच्या नाण्यावर अख्खं आडनाव घातलं होतं, त्यावरून ओरड झाली. इंग्लंडात परका म्हणून टांकसाळीतलं मुख्य कोरक्याचं पदही मिळालं नाही. १८२८ ला ते विल्यम वायनला गेलं.

खरं दुखणं वॉटर्लूच्या, म्हणजे नेपोलियनला हरवलं त्या लढाईच्या, पदकाचं. काम १८१९ ला हाती आलं, ठसे दिले १८४९ ला! ज्यांना पदक द्यायचं त्यातला इंग्रज सेनापती वेलिंग्टन तेवढा जिवंत उरला होता. ठसा पाच इंचांहून मोठा. पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करताना, तडा जाईल म्हणून कुणी हातच लावेना. सोन्यात पदक पडलंच नाही. आम्ही रुपयाएवढ्या ठशाला पाणी देतो तेव्हासुद्धा दुकानात कुणी बोलत नाही.

कृष्णाकाठची:
मामांना वाचून दाखवलं. आता त्यांनी राजाच्या मानेखाली ‘बी. एम.’ शोधलंय. म्हणतात, हे तरी बॉम्बे मिंटच.

ठसेवाला, मिरज:
बर्ट्रम मॅकेनल. ऑस्ट्रेलियाचा शिल्पकार. मामांकडून भिंग काढून घ्या.