बंद गोदामात सापडलेली आर्केड मशिन्स : तुमचे अनुभव लिहा

व्हिडिओ गेमची पार्लर बंद पडली त्यातली मशिन्स गेली कुठे, हा प्रश्न मला कायम पडतो. थोडी भंगारात गेली, थोडी कुणी हौशी लोकांनी घरी नेली आणि उरलेली कुठल्यातरी गोडाऊनमध्ये कोंबून वर कुलूप पडलं ते पडलंच. मालकाला वाटत असतं की धंदा परत सुरू करू, मग मालक थकतो, पुढच्या पिढीला इंटरेस्ट नसतो, छप्पर गळायला लागतं. अशा जागी आत गेलेले लोक इथे नक्की असणार. काय दिसलं, काय वाचवता आलं, काय कामातून गेलेलं होतं, सगळं लिहा. फक्त कुलूप तोडून घुसल्याच्या शौर्यकथा नकोत, मालकाला विचारून गेला असाल तरच लिहा.

सुरुवात म्हणून एक माहितीतली गोष्ट. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर ड्यूक ऑफ लँकेस्टर नावाचं १९५६ सालचं जहाज कायमचं रुतवून ठेवलंय. १९७९ नंतर काही वर्षं ते 'फन शिप' म्हणून चाललं, मग बंद पडलं आणि आतली आर्केड मशिन्स तिथेच अंधारात राहिली. कित्येक वर्षांनी काही कलेक्टर मंडळींनी मालकाशी रीतसर व्यवहार करून ती बाहेर काढली. आपल्याला साधी इमारतही चालेल, कुणाकडे जहाज असेल तर सोन्याहून पिवळं.

खटपट्या

पहिली गोष्ट म्हणजे आत गेल्यावर स्क्रीन बिन काही दिसत नाही. सगळी मशिन्स तोंड भिंतीकडे करून लावलेली असतात, काच फुटू नये म्हणून, त्यामुळे टॉर्च मारला की नुसत्या पाठी दिसतात, काळ्या लाकडी, रांगेने, आणि निम्म्यांची मागची फळी गायब. मी गेलो त्या गोदामात दुसऱ्या रांगेपर्यंत पोचायला जागाच नव्हती, आडवं होऊन सरकायचं, आणि अंगाला लागतं ते नेमकं काय आहे ते न बघितलेलंच बरं. मग कडेच्या चित्रांवरून ओळखायचं, हे पॅक-मॅन, हे गॅलॅगा, हे कशाचं तरी कन्व्हर्जन, म्हणजे जुन्याच खोक्यात दुसरा गेम घातलेला.

आणि सगळ्या मशिन्सना खाली साधारण घोट्याएवढ्या उंचीवर एकच सरळ रेघ. कधीतरी पाणी शिरलेलं. जी प्लायवूडची होती ती तग धरून होती, पार्टिकल बोर्डवाल्यांचा (म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांच्या) खालचा भाग फुगून भुसा झालेला, हात लावला की ढासळतो. तेव्हापासून मी मशीन बघताना आधी खाली वाकून पाय बघतो, वरचं आर्टवर्क कितीही चकाचक असू दे. खालचा टेकूच गेला असेल तर शंभर-सव्वाशे किलोचं धूड तुमच्या अंगावर यायला वेळ लागत नाही.

सोल्डरवाली

खटपट्या दादा, लाकूड परत बनवता येतं हो, खरं रडू येतं ते आतले सर्किट बोर्ड बघून. माझं काम बोर्डांचंच आहे म्हणून तेवढंच लिहिते.

गोदाम कोरडं असलं तरी बोर्डावरची बॅटरी तिचं काम करतेच. जुन्या बऱ्याच बोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी पिंपासारखी रिचार्जेबल बॅटरी सोल्डर केलेली असते, ती फुटली की आतला अल्कली बाहेर येतो आणि आजूबाजूच्या ट्रॅकवरून, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवरून, पसरत जातो. एका बोर्डवर मी बघितलं, बॅटरीच्या खाली हिरवट पांढरी खरड, तिथून ते शेजारच्या आयसीच्या पायांवर चढलेलं, आणि नखाने हलकं खरवडलं तर हिरव्या कोटिंगसकट तांब्याचा ट्रॅकच उचलला गेला. हे अल्कली असल्यामुळे पांढऱ्या व्हिनेगरने मारायचं, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि तुटलेले ट्रॅक बारीक वायरने एकेक जोडत बसायचं. डोळे जातात पण बोर्ड येतो.

दुसरं इप्रॉम, म्हणजे गेमचा प्रोग्राम साठवलेली चिप. ज्या चिपला वर गोल काचेची खिडकी असते ती. खिडकीवरचा स्टिकर वाळून पडलेला असतो आणि लोक कौतुकाने बोर्ड उन्हात ठेवून फोटो काढतात, असं करू नका रे बाबांनो. सरळ उन्हात आठवड्याभरात डेटा पुसला जाऊ शकतो आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सतत राहिला तर तीनेक वर्षांत, हे कंपन्यांच्या डेटाशीटमध्येच छापलेलं असतं. म्हणजे अंधाऱ्या गोदामाने जे सांभाळलं ते तुम्ही बाहेर आणून घालवणार. गेल्या गेल्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, बाकी सगळं नंतर.

आणि कॅपकॉम कंपनीचा सीपीएस-२ बोर्ड मिळाला तर तो वेगळाच प्रकार. १९९३ पासूनची ही सिस्टीम, प्रोग्राम एन्क्रिप्ट केलेला आणि तो उलगडायची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली गेली, मशीन चालू केलं की नुसता एकरंगी पडदा. लोक याला सुइसाइड बॅटरी म्हणतात ते उगाच नाही. पूर्वी असा बोर्ड म्हणजे मेलेलाच, आता २०१६ पासून किल्ली परत भरायची पद्धत उपलब्ध आहे, तेव्हा कुणी 'डेड आहे, फुकट न्या' म्हणालं तर मुकाट्याने उचला.

निमूट

आमच्या वाट्याला आलेलं गोदाम आधीच कुणीतरी साफ केलं होतं. मशिन्स होती पण नुसती खोकी. तांब्यासाठी पिक्चर ट्यूबच्या मानेवरचं यॉक, म्हणजे तारेचं वेटोळं, ओढून काढलेलं, त्यात सगळ्या ट्यूबच्या माना मोडलेल्या. दोन किलो तांब्यासाठी एवढं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

खटपट्या

निमूट, वाईट वाटलं. ज्यांना ट्यूब बघायची असते त्यांच्यासाठी सांगतो, मान मोडलेली वरून दिसली नाही तरी कळते. ट्यूबच्या मानेपाशी आतून चंदेरी आरशासारखा डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. तो चंदेरी असेल तर हवा आत गेलेली नाही. पांढरा दुधाळ झाला असेल तर ट्यूब संपली, तिच्यावर वेळ घालवू नका.

काउंटरमागचा

माझी गोष्ट जरा वेगळी आहे कारण गोदाम आमचंच. बाबांचा मशिन्स ठेवायचा धंदा होता, दुसऱ्यांच्या जागेत मशीन ठेवायचं आणि गल्ला वाटून घ्यायचा. तो बंद झाल्यावर सगळं मागच्या इमारतीत टाकलं आणि विषयच काढायचे नाहीत. यावर्षी जागा रिकामी करायची म्हणून उघडलं तर बाबा पण आले, काठी टेकत.

मला वाटलेलं ते भावुक वगैरे होतील. कसलं काय, ते थेट एका मशीनच्या कॉइन डोअरपाशी (नाणी टाकायच्या जागेचं छोटं दार) गेले आणि आतला मीटर वाचायला लागले. आत एक छोटा यांत्रिक मीटर असतो, प्रत्येक नाण्याला एक आकडा पुढे सरकतो, गल्ल्यात कुणी हात मारला का ते त्यावरून कळायचं. मीटर आणि गल्ला जुळत नाही म्हणून इतक्या वर्षांनी ज्या माणसाला शिव्या घातल्या त्याचं नाव इथे लिहीत नाही. एका गल्ल्यात भोक पाडून दोरा बांधलेलं टोकन निघालं, दोरा अजून शाबूत. बाबा म्हणाले हे आम्ही पकडलेलं नाही, आतच तुटून पडलं असणार.

अजून एक गंमत. बोर्डावर छोट्या स्विचची पट्टी असते, डिप स्विच, त्याने गेम किती अवघड, किती लाइफ ते ठरतं. आमच्या जवळपास सगळ्या मशीनवर सर्वात अवघड सेटिंग. लहानपणी मला वाटायचं मला गेम येत नाही. घरचाच माणूस वैरी निघाला.

पापुद्रे

कडेच्या स्टिकरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्हाला मिळालेलं एक मशीन वरून साध्या काळ्या रंगाचं, कुठलातरी फायटिंग गेम घातलेला. हीट गनने एका कोपऱ्यात गरम करून काळं व्हिनाइल सोलत गेलो तर खाली दुसरं व्हिनाइल, आणि त्याच्या खाली स्क्रीन प्रिंट केलेलं मूळ चित्र, पिवळ्या आणि निळ्या रंगाचे पट्टे हळूहळू बाहेर यायला लागले, घाई केली की रंगच सोलून निघतो त्यामुळे वीतभर जागेला अख्खी दुपार गेली. म्हणजे तेच खोकं तीन गेम जगलंय.

याचं कारण १९८५ मध्ये आलेलं जामा नावाचं स्टँडर्ड. ५६ पिनांचा एकच कनेक्टर, त्यामुळे जुना बोर्ड काढून नवा खोचला, वरची पाटी बदलली की गेम बदलला. त्याआधी प्रत्येक कंपनीची वायरिंग वेगळी, तरी कन्व्हर्जन चालायचंच. डाँकी काँग सुद्धा तसाच जन्मला, निन्टेंडोचा रडार स्कोप अमेरिकेत खपला नाही म्हणून पडून राहिलेल्या त्या मशिन्समध्ये १९८१ साली नवा गेम घातला. त्यामुळे 'कन्व्हर्टेड आहे म्हणजे ओरिजिनल नाही' असं नाक मुरडणारे लोक मला झेपत नाहीत.

सोल्डरवाली

+१ पण मग तुम्ही मधला थर का काढला? त्याचाही इतिहासच की.

पापुद्रे

फोटो काढून ठेवलेत सगळ्या थरांचे. पण हो, यावर आमच्यातच भांडण झालं आणि दुसरी बाजू अजून सोललेली नाही.

आरसा

स्पेस इन्व्हेडर्सचं उभं मशीन आतून बघितलंय का कुणी? मी बंद गोदामातच पहिल्यांदा पाहिलं आणि चाट पडले. मॉनिटर समोर नसतोच, खाली आडवा ठेवलेला असतो आणि त्याची प्रतिमा आरशातून आपल्याला दिसते, मागे रंगवलेला चंद्राचा पृष्ठभाग, त्यामुळे ते परग्रहवासी चंद्रावर तरंगताहेत असं वाटतं. मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट, रंग यायला वर जिलेटीनच्या रंगीत पट्ट्या. १९७८ च्या गेममध्ये एवढं डोकं! आमच्या मशीनचा आरसा डागाळलेला होता, पट्ट्या आक्रसून वाकड्या झाल्या होत्या, पण चंद्र एकदम ताजा. ऊन लागलंच नव्हतं ना त्याला.

आणि शेजारच्या पॅक-मॅनच्या ट्यूबवर बंद असताना सुद्धा अख्खा भुलभुलैया दिसत होता, काचेच्या आतला चमकणारा थर, फॉस्फर, जळून उमटलेला. वर्षानुवर्षं तेच चित्र एका जागी, दुसरं काय होणार.

फुकट_सल्ला

एवढं सगळं कशाला? मेम इम्युलेटर १९९७ पासून आहे, सगळे गेम लॅपटॉपवर चालतात. भंगार ते भंगार.

सोल्डरवाली

मेममध्ये ते गेम आले कुठून असं वाटतं तुम्हाला? कुणीतरी असल्याच गोदामातून बोर्ड आणून एकेक चिप वाचली म्हणून आले. एकाच गेमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, त्यातल्या काही कुणी वाचलेल्याच नसतात. म्हणून मी मशीन दुरुस्त करायच्या आधी चिपवरची लेबलं ताडून बघते आणि चिप वाचून ठेवते, दुरुस्तीत चिप उडाली तर उडाली, डेटा तरी हातात राहतो. आणि ट्रॅकबॉल, मशीनवरचा तो तळव्याने फिरवायचा गोळा, लॅपटॉपवर फिरवून दाखवा मला.

फुकट_सल्ला

बरं बाई, हरलो.

वायरमन

सगळे छान छान लिहिताय पण जिवाचं कुणी बोलत नाही. इलेक्ट्रिशियन आहे म्हणून बोलतो. गोदामातच प्लग खोचून 'चालतंय का बघू' करणाऱ्यांचा मला राग येतो. उंदरांनी वायरचं इन्सुलेशन खाल्लेलं असतं, कॅपॅसिटर सुकलेले असतात, पाच व्होल्टच्या जागी पॉवर सप्लाय भलतंच काहीतरी देतो आणि इतकी वर्षं टिकलेला बोर्ड दोन सेकंदात जातो. आधी बोर्ड काढून बाजूला, मग सप्लाय एकटा सिरीज लॅम्प (विजेच्या वाटेत मध्ये जोडलेला साधा बल्ब) लावून चालू करायचा, लॅम्प भक्कन पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मीटरवर पाच व्होल्ट नीट आले तरच बोर्ड जोडायचा. जपानी मशीन १०० व्होल्टची असतात, ट्रान्सफॉर्मर शिवाय नावच काढू नका.

ट्यूबला रंगीत मॉनिटरमध्ये वीस हजारांच्या वर व्होल्ट जातात आणि बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. मशीन एकदा चालू केलं असेल तर अॅनोडच्या रबरी टोपीखाली (हे व्होल्ट ट्यूबमध्ये जातात ती जागा) हात घालण्याआधी डिस्चार्ज करायचंच, आणि ज्याने हे कधी केलेलं नाही त्याने पहिल्यांदा एकट्याने करायचं नाही. मास्क चांगल्यातला घाला, उंदरांच्या लेंड्यांची धूळ आणि बुरशी ही गंमत नाही. जुन्या छपराचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, तुटलेला पत्रा हलवू नका, झाडू तर मारूच नका.

नवा_भिडू

पुढच्या शनिवारी एक गोदाम बघायला जातोय, मालकांनी हो म्हटलंय पण किल्ल्या हरवल्यात म्हणे, मशिन्सच्या, गोदामाच्या नाही. ड्रिल घेऊन जाऊ का?

काउंटरमागचा

ड्रिल न्या पण लगेच लावू नका. मागच्या दाराची किल्ली बहुतेक वेळा कॉइन डोअरच्या आत हुकाला टांगलेली असते, आमच्याकडे सगळ्यांची तशीच. म्हणजे उघडायचं फक्त कॉइन डोअर. बऱ्याच धंदेवाल्यांकडे सगळ्या मशीनला एकाच नंबरची कुलपं असायची, एक किल्ली मिळाली तर सगळ्यांना लावून बघा. आणि मागची फळी नुसती कडीवर असेल तर तिथून हात घालून कॉइन डोअर आतून सुटतं का ते बघा. काहीच नाही जमलं तर मग कुलपाच्या मधोमध ड्रिल करा, कुलूप नवं मिळतं, दार मिळत नाही.

नवा_भिडू

धन्यवाद दादा. फोटो टाकतो.

खटपट्या

आधी पायांचे फोटो टाक.