सूत महागलं म्हणून टॉवेलचा दर एकत्र ठरवू नका

‘संघटनेच्या बैठकीत टॉवेलचा किलोमागे एकच दर ठरवू’ ही सूचना सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांना महागात पडेल. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(३) नुसार स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं स्पर्धेला मारकच धरलं जातं. कारखाना छोटा म्हणून सूट नाही. दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यातला जो मोठा तो, आणि तोही कराराच्या प्रत्येक वर्षासाठी! तोंडी ठरलं तरी तो करारच. व्हॉट्सॲपवरचा ‘उद्यापासून नवा रेट’ हा मेसेजही पुरावा ठरू शकतो. सुताच्या भाववाढीबद्दल सरकारला एकत्र निवेदन जरूर द्या. दर मात्र ज्यानं त्यानं आपल्या हिशेबानं काढावा. निव्वळ निर्यातीपुरत्या करारांना कलम ३(५) मध्ये सवलत आहे, पण तोच दर इथल्या बाजारात लावायचं ठरलं की ती गेली.