स्लॅब पडायच्या आधी लाइटचे पाइप कसे टाकावेत, पुढे बदल करता यावेत म्हणून?

साखळीचं_नवं_घर

नमस्कार मंडळी. गोव्यात साखळीजवळ घर बांधायला काढलंय, खाली हॉल, स्वयंपाकघर, देवाची खोली आणि आईबाबांची खोली, वर दोन खोल्या आणि छोटी बाल्कनी. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), मधे स्लॅब आणि वर उतरता स्लॅब टाकून त्यावर नळे (कौलं). खालचा स्लॅब दहा-बारा दिवसांत पडेल आणि वरचाही मे संपायच्या आत उरकायचाय, नाहीतर एकदा पाऊस लागला की चार महिने काम तसंच राहणार.

इलेक्ट्रिशियन म्हणतो कुठे कुठे पॉइंट पाहिजेत ते मार्क करून द्या, मी पाइप टाकतो. माणूस कामाला चांगला आहे पण मलाच उत्तर देता येत नाहीये. आज जी वरची खोली माझी आहे ती पाच वर्षांनी भावाची असेल, किंवा वरचा मजला पाहुण्यांना भाड्याने द्यायचा ठरला तर सगळंच बदलेल. आईबाबांना पुढे रात्री उठताना कुठे उजेड लागेल ते आत्ता कसं कळणार?

आमच्या जुन्या घराची गोष्ट सांगते म्हणजे मला नक्की काय टाळायचंय ते कळेल. देवाच्या खोलीत एकच बल्ब होता आणि प्लग नव्हताच. दर चवथीला स्वयंपाकघरातनं एक्स्टेंशन ओढायचं, उंबऱ्यावरनं, वर पायपुसणं टाकून, आणि त्याच्यावर माटोळीचे (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचे) लाइट, गणपतीमागचे लाइट, टेबल फॅन सगळं. एका वर्षी आरती चालू असताना जळका वास आला, बघतो तर प्लगची एक पिन काळी पडून प्लास्टिक वितळलेलं, बाबांनी हाताने ओढून काढला. काही झालं नाही, पण तो प्लग आईने अजून डब्यात ठेवलाय आणि नवीन घराचा विषय निघाला की आधी तो काढून दाखवते.

भिंती फोडायला नकोत आणि पुढे लाइट बदलता, वाढवता यावेत यासाठी आत्ता काय करून ठेवू? पैसे बेताचेच आहेत, सगळं आजच बसवायचं नाहीये.

वायरमन_डिचोली

ताई, प्रश्न वेळेवर विचारलात, बरेच लोक स्लॅब झाल्यावर येतात. मी वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय. एक गोष्ट आधी पक्की धरा, वायर कधीही काढून बदलता येते, स्लॅबमधला पाइप नाही. म्हणून पैसे थोडे असतील तर लाइट कमी घ्या, फॅन नंतर घ्या, पण पाइप आणि बॉक्स आत्ताच टाका. पूर्ण खर्चात त्याचा भाग अगदी कमी असतो.

हॉलचंच सांगतो. साधारण काय करतात, मधे एक फॅन बॉक्स आणि एक लाइट, संपलं. तुम्ही फॅन बॉक्स मधे घ्या आणि चार कोपऱ्यांकडे भिंतीपासून अडीच-तीन फूट आत चार डीप बॉक्स टाकून घ्या. आत्ता दोनच वापरा, बाकी दोनांवर गोल झाकण लावून रंग मारा. चारही बॉक्स एकमेकांना पाइपने जोडा आणि दोन्ही टोकं स्विचबोर्डावर उतरवा, म्हणजे एका बाजूने पाइप चोक झाला तरी दुसऱ्या बाजूने वायर घालता येते. स्लॅबमध्ये २५ मिमीचा पाइप वापरा, मीडियम किंवा हेवी, लाइट क्वालिटीचा चेपतो. २० च्या पाइपात दीडच्या (दीड चौरस मिमी जाडीच्या) पाच-सहा वायरी आरामात जातात, पण तेवढ्या आजच भरल्या तर उद्या एक जास्तीची घालताना जीव जातो.

वळणाला एल्बो घालू देऊ नका, लांब बेंड घाला किंवा स्प्रिंग घालून पाइपच वाकवा. दोन बॉक्सच्या मधे काटकोनाची दोन वळणं खूप झाली, तिसरं आलं की मधे एक बॉक्स हवा. नवीन पाइप टाकला त्या दिवशी वायर सहज जाते हो, दहा वर्षांनी जुनी वायर काढताना कळतं एल्बोने काय केलंय ते.

सर्किटचं म्हणाल तर आपल्याकडचा जुना नियम आहे, लाइट-फॅनच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट आणि ८०० वॉट. आता एलईडी ९-१० वॉटचे असतात म्हणून ८०० वॉट कधी भरतच नाहीत, त्यामुळे लोक पूर्ण मजला एका एमसीबीवर (लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) टाकतात. तसं करू नका. खाली दोन लाइट सर्किट, वर दोन, आणि शेजारशेजारच्या खोल्या वेगवेगळ्या सर्किटवर. एक पडलं तरी दुसऱ्या खोलीतनं उजेड येतो आणि फॉल्ट शोधताना हातात टॉर्च धरून बसावं लागत नाही. लाइटला दीडची वायर, १६ अँपिअरच्या प्लगला अडीचची, एसी-गीझरला चारची आणि प्रत्येकाचं सर्किट स्वतंत्र.

आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल न्या. जिन्याच्या वरखाली आणि पलंगाजवळ जे टू-वेचे (एकच लाइट दोन ठिकाणांहून लावायचे) छोटे बोर्ड असतात तिथे आमचेच लोक स्विचला लागतील तेवढ्याच वायरी नेऊन मोकळे होतात, न्यूट्रल नेतच नाहीत कारण आज लागत नाही. उद्या तिथे साधा प्लग पाहिजे झाला किंवा मोबाइलवरनं चालणारा स्विच घालायचा झाला तर त्यातल्या बहुतेकांना न्यूट्रल लागतो. अर्थही न्या. एक-दोन वायरींचाच फरक आहे.

आजी_म्हापशाची

वायरमनदादांनी न्यूट्रलचं सांगितलं ते आमच्या घरी झालंय म्हणून लिहिते. २०११ मध्ये घर बांधलं, तेव्हा सगळं नीट केलं असं वाटलं होतं. मागच्या वर्षी मुलीने माझ्या खोलीत पलंगाशेजारी मोबाइलवर चालणारा स्विच बसवायचा ठरवला, मला संधिवात आहे, रात्री उठून भिंतीपर्यंत जाणं त्रासाचं होतं. त्या बोर्डात न्यूट्रलच नाही. न्यूट्रलशिवाय चालतो असा एक स्विच आणून लावला तर लाइट बंद केल्यावरही बल्ब मिणमिण पेटत राहायचा, काजव्यासारखा, रात्रभर. शेवटी नवीन वायर ओढायची ठरली, पण जुन्या पाइपात एक बारीक पेन्सिल जाईल एवढीही जागा नव्हती. मग कटर मारून झिरी काढली, तीन दिवस धूळ, आणि रंगाचा तो पट्टा अजून वेगळा दिसतो.

तुम्ही आईबाबांच्या खोलीबद्दल विचारलंय म्हणून सांगते, पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन ठिकाणी रिकामे बॉक्स घालून ठेवा. आज झाकण. गरज पडेल तेव्हा तिथे पायलाइट बसतो. डोळ्यावर येणारा छताचा लाइट म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या रात्री नको असतो, पायाखाली दिसलं की पुरतं. आणि पलंग कुठल्या भिंतीला येईल ते बदलतं बाई, आमचा तीनदा बदलला, तर दोन्ही भिंतींना बोर्डाची सोय ठेवा.

देवाच्या खोलीत माटोळीसाठी वर हुक घालताच तुम्ही, त्या हुकाच्या ओळीतच छताजवळ एक प्लग पॉइंट घ्या, त्याचा स्विच खाली हाताशी. आणि गणपती बसतो त्याच्या दोन्ही बाजूंना खाली एकेक. वर्षातले अकरा महिने वापर नाही असं वाटतं, पण चवथीला बघा किती सुटसुटीत होतं.

साइटवरचा_इंजिनिअर

पाइप भरपूर टाका याला माझा थोडा विरोध आहे, म्हणजे टाका पण स्लॅबची काळजी घेऊन टाका. घरचे स्लॅब साधारण १२५ मिमीचे असतात. २५ मिमीचे दोन पाइप एकावर एक गेले की त्या जागी ५० मिमी काँक्रीट नाही असं समजा. मी साइटवर बघतो, डीबीच्या (सगळे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डाच्या) वर सात-आठ पाइप मोळी बांधल्यासारखे एकत्र उतरवलेले असतात, मधे काँक्रीट शिरायलाच जागा नाही, आणि पुढे नेमकी तिथेच क्रॅक दिसते. पाइपामधे अंतर ठेवा, पाइप खालच्या सळ्यांच्या वर बांधा, थेट खालच्या साच्याच्या प्लायवर टेकवू नका, आणि इलेक्ट्रिशियनला सळी कापू देऊ नका, वाकवूसुद्धा नको. तुमच्या इंजिनिअरला पाइप टाकून झाल्यावर एकदा बोलवा, काँक्रीटच्या आधी.

वरच्या उतरत्या स्लॅबमध्ये तर मी शक्यतो बॉक्स घालूच नये म्हणेन. आपल्याकडचा पाऊस, कुठे एक नळा सरकला किंवा बारीक भेग पडली की पाणी पाइप धरून चालत येतं आणि थेट लाइटच्या बॉक्समधून गळतं. वरच्या मजल्यावर भिंतीवर उंच लाइट घ्या, उतरत्या छतावर उजेड पडून खाली येतो, तो दिसायलाही छान.

दुसरं म्हणजे चिरा. प्लॅस्टर करणार असाल तर ठीक, पण आतली एखादी भिंत उघड्या चिऱ्याची ठेवायची असेल तर आत्ताच ठरवा. त्या भिंतीत नंतर पाइप लपवता येत नाही. चिरा खाणीतनं आला की मऊ असतो, हवेवर राहून कडक होतो, तेव्हा झिरी काढायची तर भिंत नवीन असतानाच. आणि उघड्या भिंतीवरनं नीट ओळंब्यात नेलेली वायरची पट्टी मला तरी वाईट दिसत नाही, जुन्या घरांत लाकडी पट्टीवरनंच वायरिंग होतं आणि ते बदलायला सगळ्यात सोपं होतं.

साखळीचं_नवं_घर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आजींचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हुकाच्या ओळीतला प्लग पहिला मार्क कर.

दोन प्रश्न राहिले. आमच्याकडे जून-जुलैत लाइट जाते ती कधी कधी रात्रभर, तर इन्व्हर्टर घ्यायचाय पण दोन वर्षांनी. आणि सोलरचं पण मनात आहे. त्यासाठी आत्ता काही करून ठेवायचं का? बाहेर गेटवर, तुळशीजवळ आणि बांयकडे (विहिरीकडे) पण लाइट पाहिजेत.

वायरमन_डिचोली

इंजिनिअर साहेबांचं बरोबर आहे, मोळी नको. डीबीच्या जागी दोन बाजूंनी उतरवा, थोडे भिंतीतनं न्या.

इन्व्हर्टरसाठी खोल्यांत काहीच करावं लागत नाही, जर डीबी आज नीट भरला तर. लाइट-फॅनची सगळी सर्किट एका बाजूला, १६ अँपिअर, एसी, गीझर, पंप दुसऱ्या बाजूला. इन्व्हर्टर आला की लाइटची बाजू उचलून त्याच्यावर टाकायची, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त इन्व्हर्टर जिथे ठेवणार तिथपर्यंत डीबीपासून एक २५ चा रिकामा पाइप, चारची जाणारी आणि येणारी वायर बसेल असा. जागा हवा खेळती असलेली बघा, बॅटरी बंद कपाटात कोंडू नका.

पण यात एक चूक फार होते. एका सर्किटचा फेज (करंट आणणारी वायर) आणि दुसऱ्याच सर्किटचा न्यूट्रल, जवळ मिळाला म्हणून जोडला. साध्या एमसीबीवर ते चालून जातं, कुणाला कळत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) दोन गटांना वेगवेगळा बसवला किंवा इन्व्हर्टर आला की लाइट लावायला गेलं की ट्रिप, आणि मग आरसीसीबीच खराब म्हणून काढून टाकतात. काढू नका, जीव वाचवणारी वस्तू आहे ती. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल स्वतंत्र डीबीपर्यंत न्या आणि फेज-न्यूट्रल दोन्हीच्या टोकांना एकच नंबर लावून घ्या.

बाहेरचे लाइट पूर्ण वेगळे, स्वतःचा एमसीबी आणि स्वतःचा आरसीसीबी. मृगाच्या पहिल्या पावसात गेटच्या लाइटमध्ये पाणी जातं आणि पूर्ण घर काळोखात, असे फोन मला दरवर्षी येतात. वेगळं असलं की तेवढंच पडतं आणि घरात लाइट राहते. तुळशीपर्यंत आणि बांयपर्यंत जमिनीखालनं पाइप टाकून त्यात आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल, आणि सोबत एक रिकामा पाइप, अंगणात लाद्या बसायच्या आधी.

सोलरला छतापासून मीटरपर्यंत ३२ चा पाइप उभा ठेवा, बस्स. २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, त्यात ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, तर आज ना उद्या तुम्ही घेणारच. आणि अर्थिंग मोजून घ्या, आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उतरते आणि अर्थ नीट लागत नाही, पावसात मोजून चांगलं आलं म्हणून गाफील राहू नका.

आजी_म्हापशाची

आणि फोटो काढा गं. पाइप टाकून झाले की प्रत्येक खोलीचा, भिंतीला टेप लावून, आकडा दिसेल असा. आमच्याकडे फोटो असते तर तो पाइप कुठून गेलाय ते शोधायला दोन ठिकाणी फोडावं लागलं नसतं.

साखळीचं_नवं_घर

आज साइटवर जाऊन खडूने सगळं मार्क केलं. हॉलला चार डीप बॉक्स, देवाच्या खोलीत वर एक खाली दोन, आईबाबांकडे दोन पायलाइटचे बॉक्स आणि दोन्ही भिंतींना बोर्ड. स्विचबोर्डाचे बॉक्स सहाच्या जागी आठ मॉड्यूलचे (आठ स्विच बसतील असे) घेतले, बाकी जागेला ब्लँक प्लेट. वरच्या उतरत्या स्लॅबमध्ये एकही बॉक्स नाही. इलेक्ट्रिशियन आधी म्हणाला एवढं कशाला, पण दुसऱ्या बाजूने पाइप परत आणायचं त्याला पटलं, म्हणाला मीपण असंच करेन आता.

शेवटचं एक, स्लॅब गुरुवारी आहे, पाइपांची तोंडं आणि बॉक्स कशाने बंद करू म्हणजे सिमेंटचं पाणी आत जाणार नाही?

वायरमन_डिचोली

बॉक्समध्ये सिमेंटच्या पिशवीचा कागद किंवा लाकडाचा भुसा घट्ट भरा, वरनं टेप. पाइपाच्या उघड्या तोंडाला कागदाचा बोळा आणि टेपचे तीन-चार वेढे. सांध्याला सोल्युशन लावलंय ना ते एकेक हाताने ओढून बघा, नुसते खोचलेले असले तर व्हायब्रेटर लागला की सुटतात. रिकाम्या पाइपात आत्ताच जीआयची (जस्त चढवलेली लोखंडी) तार घालून दोन्ही टोकं वाकवून ठेवा. आणि गुरुवारी काँक्रीट चालू असताना इलेक्ट्रिशियनचा एक माणूस वर उभा पाहिजे, पाटी घेऊन जाणाऱ्याचा पाय पाइपावर पडतोच, तेव्हाच्या तेव्हा बदलता येतो. शुक्रवारी सकाळी सगळ्या तारा एकदा पुढेमागे हलवून बघा.