लघुकथेवरचा जुना गॉथिक भयपट सुचवा, रक्तपात नको

पावसाळी_रात्र:
मंडळी, शनिवारी रात्री घरी सगळे जमणारेत, आईपण असेल, तिला भीतीदायक चालतं पण चिरफाड अजिबात बघवत नाही. जुना, धुकं-स्मशान टाइप काहीतरी हवंय आणि लघुकथेवरचा असला तर बेस्टच कारण मला नंतर मूळ गोष्ट वाचायला आवडते. दीड तासाच्या आतला सुचवा प्लीज.

कंदील:
डोळे झाकून 'द बॉडी स्नॅचर' लावा, १९४५चा. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची १८८४ची कथा, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, निर्माता व्हॅल ल्यूटन, सव्वा तासात संपतो. १८३१चं एडिंबरा, शरीरशास्त्र शिकवायला प्रेतं मिळत नाहीत म्हणून एक घोडागाडीवाला कबरी उकरून ती पुरवतो आणि नावाजलेला डॉक्टर गुपचूप विकत घेतो. गाडीवाला म्हणजे बोरिस कार्लोफ! राक्षसाचा मेकअप वगैरे काही नाही, नुसता हसतो, आजारी लहान मुलीशी इतका मायेने बोलतो आणि तशाच गोड आवाजात डॉक्टरला "टॉडी" म्हणून चिडवतो ना, अंगावर काटा येतो.

एकच सीन सांगतो. रस्त्यावर गाणारी मुलगी अंधाऱ्या कमानीतून गात गात पलीकडे जाते, मागून ह्याची गाडी जाते, आपण इकडेच उभे. गाणं ऐकू येतंय, येतंय आणि मधेच तुटतं. दिसत काहीच नाही. अख्ख्या भयपटांच्या इतिहासात माझा सगळ्यात आवडता सीन आहे हा.

सावली७:
+१, पण एका कुत्र्याचं फार वाईट होतं त्यात, घरात कुणी हळवं असेल तर आधीच सांगा. रंगीत चालणार असेल तर 'हाउस ऑफ अशर' बघा, १९६०, एडगर अॅलन पोची कथा, रॉजर कॉर्मनचा. व्हिन्सेंट प्राइसला साधा आवाजसुद्धा सहन होत नाही, सगळे कुजबुजत बोलतात आणि तो भेगा पडलेला वाडा!

कंदील:
अशर सुंदरच आहे, पण तिथे वाड्याबाहेर पडलं की सुटलो असं वाटतं. बॉडी स्नॅचरमध्ये त्या आजारी मुलीच्या पाठीचं ऑपरेशन करून तिला चालवायचं तर प्रेत हवं आणि ते आणणारा माणूस डॉक्टरच्या मानेवर बसलेला, त्यामुळे नुसतं दुष्ट कोण म्हणून बोट दाखवता येत नाही. आणि हे हवेतलं नाही, बर्क आणि हेअरने एडिंबरात १८२८पर्यंत १६ खून करून प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. नॉक्सला विकली होती, १८३२मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे हा धंदा बसला. सिनेमात बर्कचं नाव येतं.

पावसाळी_रात्र:
ठरलं, हाच. कथा आधी वाचू की नंतर?

कंदील:
नंतर! कथेत ती आजारी मुलगी नाहीच आणि ग्रे, म्हणजे कार्लोफचं पात्र, थोडाच वेळ येतो, सिनेमाने त्याला मोठा केलाय. पावसातला शेवट मात्र कथेतलाच आहे, तो आधी कळला तर मजा जाईल. आणि सर्च करताना १९५६चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' येईल, तो परग्रहवाल्यांचा, वेगळा. पोस्टरवर कार्लोफ आणि बेला लुगोसी बघून लावा. लुगोसीचं काम छोटंय, पण दोघं समोरासमोर बसून पितात तो सीन चालू असताना कुणाला पाणी आणायला उठू देऊ नका.