मॅमोग्राफी करताना द्यायचा दाब, होणारी वेदना आणि यंत्राने दाखवलेली जाडी: मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (एक्स-रे तंत्रज्ञ, सांगली)

नमस्कार. मी एका खासगी निदान केंद्रात मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) करते. आमच्याकडे सरसकट 120 न्यूटनपर्यंत पॅडल (स्तन दाबून धरणारी पट्टी) दाबण्याची पद्धत पडून गेली आहे. अंगाने भरलेल्या स्त्रिया ते सहसा निभावून नेतात. मात्र लहान स्तन असलेल्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि काही जणी दुसरी बाजू न करताच निघून जातात. दुसरी अडचण अशी की, 45 मिमी जाडीचा ॲक्रिलिकचा ठोकळा ठेवला तर यंत्र 51 मिमी दाखवते. स्तनाची घनता (ग्रंथींच्या ऊतींचे प्रमाण) मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडेही यंदा गेल्या वर्षीपेक्षा कमी येत असल्याचे आमच्या डॉक्टरांच्या लक्षात आले आहे. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल का? आणि दाब कमी केला तर प्रतिमा बिघडेल का?

उत्तर 1 (मेडिकल फिजिसिस्ट, पुणे)

ताई, आधी वेदनेविषयी. यंत्र न्यूटनमध्ये एकूण बल दाखवते. त्वचेला जाणवतो तो त्या बलाला संपर्कक्षेत्राने भागून येणारा दाब. पॅडलला 60 चौ. सेंमी इतकाच स्तन टेकत असेल, तर 120 न्यूटनला 20 किलोपास्कल दाब पडतो. तेच क्षेत्र 140 चौ. सेंमी असेल, तर 9 किलोपास्कलहूनही कमी. ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी याच कारणासाठी सर्वांना एकच बल न लावता सुमारे 10 किलोपास्कल दाबाचे उद्दिष्ट सुचवले. गणित सोपे आहे: जितके चौ. सेंमी क्षेत्र, साधारण तितके न्यूटन. स्तन पुरेसा पसरला, की त्यानंतरच्या बलाने जाडी जेमतेम एखाद-दोन मिमीने घटते आणि वेदना मात्र वाढतच जाते. 200 न्यूटन ही मोटरची कमाल मर्यादा आहे, गाठायचा आकडा नव्हे.

आता जाडी. स्वीकारार्ह फरक सामान्यतः 5 मिमीपर्यंत धरला जातो. तुमचा 6 मिमी आहे, म्हणजे सर्व्हिस इंजिनीयरला बोलावून कॅलिब्रेशन (मापन अचूक जुळवणे) करून घ्यायलाच हवे. यंत्र पॅडलच्या बैठकीची उंची मोजते. पॅडल छातीकडे उचलले गेले किंवा वाकले, तर त्या आकड्याला ते कळत नाही. याच जाडीवरून यंत्र किलोव्होल्टेज (किरणांची भेदकता ठरवणारा विद्युतदाब) आणि फिल्टर निवडते, ग्रंथींना मिळालेल्या किरणांच्या मात्रेचा अंदाज काढते, आणि घनतेचे सॉफ्टवेअरही तिच्यावरच विसंबते. जाडी फुगवून दाखवली गेली, की स्तनाचे एकूण आकारमान मोठे धरले जाते आणि ग्रंथींचा वाटा कमी दिसतो. तुमच्या डॉक्टरांच्या निरीक्षणाशी हे जुळते; तरीही फरक नेमका कधीपासून पडला, हे जुन्या नोंदी काढून पाहा.

बलाची पडताळणी तुम्ही स्वतः करू शकता. डिटेक्टरवर (प्रतिमा टिपणाऱ्या फलकावर) काट्याचा वजनकाटा ठेवा, त्यावर टॉवेलची जाड घडी ठेवून पॅडल खाली घ्या. काटा 10 किलोवर असताना पडद्यावर 98 न्यूटनच्या आसपास आकडा दिसायला हवा.

उत्तर 2 (ज्येष्ठ तंत्रज्ञ, नागपूर)

वरील उत्तरात तिरक्या प्रतिमेचा, म्हणजे एमएलओचा, मुद्दा राहिला आहे. त्या स्थितीत पॅडल अनेकदा छातीच्या स्नायूवर आणि खांद्याच्या पुढच्या भागावर अडकते. पडद्यावर 120 न्यूटन दिसतात, बाई कळवळते, आणि पुढचा स्तन मात्र सैलच राहतो! मी डिटेक्टरची उंची आधी जुळवते, रुग्णेला मूठ न आवळता हात सैल सोडायला लावते, खांदा पुढे ओढून घेते, स्तन हाताने उचलून पसरवते, आणि पॅडल पकड घेईपर्यंत तो हात काढत नाही. शेवटचा दाब मोटरने न देता चाकाने सावकाश देते. तपासणी शक्यतो पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात ठेवावी आणि दाब कशासाठी देतात हे आधीच सांगावे. 2008 च्या कोक्रेन आढाव्यानुसार (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) अशा माहितीने त्रास कमी होतो, तर आधी घेतलेल्या पॅरासिटामॉलने फरक पडत नाही. स्पंजची गादी वापरलीत, तर ती जाडीच्या आकड्यात मिसळते, हे विसरू नये.

उत्तर 3 (रेडिओलॉजिस्ट, मुंबई)

मला थोडी धास्ती वाटते ती अशी की, हा धागा वाचून कोणी सर्वांनाच 60 न्यूटन लावू लागेल. दाब अपुरा पडला तर ऊती एकमेकींवर येतात, विखुरलेले किरण वाढतात, प्रतिमा हलते आणि बारीक कॅल्शियमचे ठिपके पुसट होतात. मग पुन्हा प्रतिमा घ्यावी लागते, म्हणजे मात्राही वाढते आणि वेदनाही. दाब रुग्णेच्या हाती देण्याचा पर्याय मात्र मला पटतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत स्त्रियांनी तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली स्वतःच रिमोटने दाब दिला. वेदना कमी झाली आणि जाडी तंत्रज्ञाने दाबल्याच्या तुलनेत निकृष्ट ठरली नाही. रिमोट नसला तरी “थांबा म्हणालात की थांबेन” एवढे आश्वासन कोणत्याही केंद्राला देता येते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. कॅलिब्रेशन झाल्यावर घनतेच्या आधीच्या आकड्यांशी तुलना करावी का?

उत्तर 1 (मेडिकल फिजिसिस्ट, पुणे)

थेट करू नये. दुरुस्तीची तारीख नोंदवहीत लिहून ठेवा. ज्या काळात जाडी चुकत होती, त्या काळातील अहवालांसाठी रेडिओलॉजिस्टने प्रतिमा पाहून ठरवलेला घनतेचा ए ते डी (ए सर्वांत कमी, डी सर्वांत जास्त) हाच वर्ग ग्राह्य धरावा. दुरुस्तीनंतर ठोकळा एकाच जाडीवर न तपासता 20 ते 70 मिमीपर्यंत निरनिराळ्या जाड्यांवर, आणि तुम्ही वापरता त्या प्रत्येक पॅडलसाठी स्वतंत्रपणे तपासा. लहान पॅडलचा फरक मोठ्यापेक्षा वेगळा निघू शकतो.