कूलर, बर्फ आणि ठिबकची नळी

टाकीत बर्फाची लादी टाकून कूलर गार करा, असं कूलरवरच्या इथल्या चर्चेत दोघांनी सुचवलंय. उपयोग थोडाच. १ किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, तर १ लिटर पाणी वाफ होताना २४०० च्या आसपास घेतं. म्हणजे भुसावळ-जळगावच्या कोरड्या मे महिन्यात खरं काम बाष्पीभवनच करतं. दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवा आणि बर्फ उसाच्या रसात टाका!

आमच्याकडे कूलरचा खरा शत्रू बोअरचं पाणी. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. पाणी दिवसेंदिवस जड होत जातं आणि वाळ्याच्या किंवा हनीकोंबच्या (जाळीदार कागदी) पॅडवर पांढरा थर बसतो. हे चर्चेत कोणी लिहिलेलं दिसलं नाही. त्यावर केळीपट्ट्यातला उपाय : घरात पडलेला ठिबक सिंचनाचा साधा ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी. थोडं खारं पाणी सतत बाहेर गेलं की क्षार साचत नाहीत. प्लग काढून पंपाच्या वर जाणाऱ्या नळीला दाभणाने भोक पाडा, ताशी ४ लिटरचा ड्रिपर खुपसा आणि बारीक नळीने पाणी मोरीत सोडा. पंपाला ठिबकइतका दाब नसतो, त्यामुळे ताशी लिटर-दीड लिटरच गळतं, तेवढंच हवं. दाब सांभाळणारा महागडा ड्रिपर इतक्या कमी दाबावर चालत नाही. जुना थर मात्र याने निघणार नाही. त्यासाठी पॅड लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. गळकं पाणी तुळशीला नको, क्षार साचतात.