आफ्रिकन संगीताची नाच-रात्र सुरू करायची आहे: गाण्यांचा क्रम, आवाज, परवाने?

ठेकेदार
परदेशात महिन्यातून एकदा, कम्युनिटी हॉलमध्ये, संध्याकाळी 7 ते 11. माणसं साधारण शंभर. नायजेरिया, घाना, काँगो, सेनेगल, इथिओपिया इथली मंडळी येतील, आणि हे संगीत कधीच न ऐकलेलेही येतील. चार तासांत सगळा खंड कसा बसवायचा? हॉलचे स्पीकर पुरतील का? आणि मोबाईलवरच्या प्लेलिस्टवर काम भागेल का?

निशाचर
सगळा खंड बसवूच नका. 54 देश चार तासांत कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक गाणं येतं आणि कुणाचंच समाधान होत नाही. एका रात्री चार प्रकार घ्या, प्रत्येकाला 35-40 मिनिटं. उरलेले पुढच्या महिन्यात.

पहिली 45 मिनिटं शिकवणी ठेवा, नाहीतर नवखे भिंतीला पाठ लावून उभे राहतात ते शेवटपर्यंत. एका वेळी एकच प्रकार. इथिओपियाचा एस्किस्ता सुरुवातीला चांगला: सगळं काम खांद्यांचं, पायांची भानगड कमी. त्यातली बरीच गाणी दादऱ्यासारखी सहाच्या चालीत असतात, त्यामुळे आपल्या लोकांना ती लवकर पकडता येतात. खांदे मात्र दोन गाण्यांत भरून येतात, तेव्हा मधे थांबा. सेनेगलचं म्बालाख याच्या उलट. साबार ढोलांच्या गर्दीत नवख्याला सम सापडत नाही, म्हणून ते मैदान भरल्यावरच लावा आणि जाणकारांना पुढे येऊ द्या.

नंतर वेग चढता ठेवा. घानाचं हायलाइफ आणि काँगोली रुंबा, मग 100-110 बीपीएमचे (मिनिटाला इतके ठोके) अफ्रोबीट्स, मग 112च्या आसपासचं दक्षिण आफ्रिकेचं अमापियानो, शेवटी तिथल्याच डर्बनचं ग्कॉम किंवा अंगोलाचं कुडुरो. कुडुरो 140च्या आसपास जातं. 112वरून तिथे मिसळत जाण्याचा खटाटोप करू नका. गाणं पूर्ण संपू द्या, माइकवर दोन वाक्यं बोला, मग नवं सुरू करा. त्या दहा सेकंदांत कुणी मैदान सोडत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन मिनिटांत गाणं कापणं. काँगोली सुकूसमध्ये (रुंब्यातूनच आलेला वेगवान प्रकार) आधी गायन असतं आणि मग ‘सेबेन’ येतो: गिटारींची वेगवान आवर्तनं. खरा नाच तिथेच सुरू होतो. गाणं त्याआधी तोडलंत तर काँगोची मंडळी तुमच्याकडे ज्या नजरेनं पाहतील ती विसरणार नाही. अमापियानोतही लॉग ड्रम (त्याचा तो ठोकेदार, खोल बेस) बऱ्याचदा मिनिट-दीड मिनिटानं उतरतो. धीर धरा.

अंगोलाचा किझोंबा जोडीनं नाचतात. मधे लावलात की एकटे आलेले सगळे पाणी प्यायला जातात. ग्कॉम-कुडुरोनंतरची शेवटची वीस मिनिटं त्याला द्या.

कानसेन
हॉलचे स्पीकर भाषणासाठी असतात. लॉग ड्रम त्यांवर नुसता टकटक वाजतो आणि अमापियानोतला जीवच जातो. शंभर जणांना दोन 12 इंची टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि दोन 18 इंची सबवूफर (फक्त बेसचे) भाड्यानं घ्या, क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांतली आवाजाची वाटणी, 90-100 हर्ट्झला. दोन्ही सब शेजारी-शेजारी ठेवा. दोन टोकांना ठेवले तर त्यांच्या लाटा ठिकठिकाणी एकमेकींना मारतात: एका जागी छाती हादरते, दोन पावलांवर बेस गायब. लाकडी स्टेजवरही ठेवू नका, स्टेजच घुमायला लागतं.

1970च्या दशकातली रेकॉर्डिंग आजच्या गाण्यांपेक्षा लहान आवाजाची आणि कमी बेसची असतात. प्रत्येक गाण्याचा गेन (आवाजाची पातळी) आधीच जुळवून ठेवा, नाहीतर जुन्यानंतर नवं लागलं की कानठळ्या बसतात. फाइल 320 केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची. व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं हेडफोनवर खपून जातं, 18 इंचीवर त्याचा चिखल होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. तुम्ही 95च्या आसपास राहा आणि दाराशी इअरप्लग ठेवा. साउंड-चेक करताना एक जण बाहेर शेजाऱ्यांच्या भिंतीपाशी उभा करा. तक्रार बेसचीच येते, आणि तो आतून कळत नाही.

बेसुरी
प्लेलिस्टबद्दल: स्ट्रीमिंगचं वैयक्तिक सदस्यत्व सार्वजनिक कार्यक्रमाला चालत नाही. शिवाय ऐन रंगात नेट गेलं की शंभर माणसं स्तब्ध. गाणी विकत घेऊन दोन पेनड्राइव्हवर ठेवा.

सार्वजनिक वादनाचा परवाना वेगळा, तो देणाऱ्या संस्थांकडून: ब्रिटनमध्ये पीआरएस आणि पीपीएलचा एकत्रित, जर्मनीत गेमा, फ्रान्समध्ये सासेम, अमेरिकेत आस्काप, बीएमआय वगैरे. हॉलकडे तो आधीपासून असू शकतो. पण तो तिकीट लावलेल्या नाचाला लागू आहे का, हे लेखी विचारा. डीजेचं मानधन पहिल्याच रात्रीपासून द्या. ‘ओळख वाढेल’ म्हणून फुकट बोलावण्याइतकं त्या मंडळींना चिडवणारं दुसरं काही नाही.

तारखा बघून ठरवा. रमजानमध्ये सेनेगल, मालीचे बरेच जण येणार नाहीत, आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. इथिओपियन ऑर्थोडॉक्स लोकांचा ईस्टरपूर्वीचा उपास 55 दिवसांचा असतो. पहिल्या रात्रीला 25 मेच्या आसपासचा शनिवार छान: तो आफ्रिका दिन, 1963 साली आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली तो दिवस. पोस्टरवर मुखवटे आणि बिबट्याचे ठिपके नकोत.

कानसेन
पोस्टरवरूनच: ‘अफ्रोबीट’ आणि ‘अफ्रोबीट्स’ वेगळे. पहिलं फेला कुटी आणि टोनी ॲलन यांचं, गाणं सहज दहा-पंधरा मिनिटांचं. दुसरं 2000नंतरचं नायजेरिया-घानाचं पॉप. चुकीचं छापलंत तर चुकीची गर्दी येईल.

ठेकेदार
फर्माइशींचं काय करायचं? डीजेभोवती घोळका होतो.

निशाचर
दाराशी वही ठेवा: गाणं, गायक, देश. त्या रात्री फक्त चालू प्रकारातली फर्माइश घ्या, बाकीची वहीतच राहू दे. ज्या देशाची नावं जास्त, त्याला पुढच्या महिन्यातली 40 मिनिटं.